सेकंड गिअर पडत नाही

लातूर,
१२ सप्टेंबर १९८२

पंढरीदादा, जयभीम.

आबांची तब्येत ठणठणीत आहे, मायचीही आहे. घरून पत्र आलं की माणूस आधी तेच शोधतो, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. आता पुढचं निवांत वाच. अर्ध्यात फाडू नकोस.

मला नोकरी लागली. तात्पुरती आहे, पण सरकारी आहे. सोळा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला हे तुला नांदेडात कळलंच असेल. त्या दिवशी इथं पेढे वाटले, फटाके उडाले, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की जिल्ह्याला बसायला खुर्च्या नाहीत. उस्मानाबादहून फायली पोत्यांतून येतात. आम्ही पोतं सोडतो, धूळ झटकतो, गावं वेगळी करतो. माझं टेबल म्हणजे दोन पेट्या आणि त्यांच्यावर दाराची एक फळी. शाखेचं नाव टंचाई. पाऊस कुठं दडून बसलाय कुणास ठाऊक, त्यामुळे नव्या जिल्ह्यात सगळ्यांत जास्त काम आमच्याच शाखेला. कुठल्या गावाला टँकर, कुठल्या विहिरीवर रांग, हे सगळं माझ्या अक्षरात जातं. आपल्या घरातल्या कुणाच्या अक्षरानं एखाद्या गावाला पाणी मिळण्याची ही पहिलीच वेळ असेल. हसू नकोस.

पण पत्राचं कारण गाडी आहे.

साहेब लोकांना गावोगाव फिरायला जीपगाड्या कमी पडतात, म्हणून खासगी गाड्या कामावर लावून घेणार आहेत. ती नोटीस मीच फळ्यावर डकवली. वीस नोव्हेंबरला चाचणी आहे. चार माणसं बसवून देवणीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मी आबांच्या नावानं अर्ज भरला. आमचे अव्वल कारकून सिद्धलिंगअप्पा, त्यांना स्पष्ट सांगितलं की ही माझ्या वडिलांची गाडी आहे, चाचणीच्या कागदाला मी हात लावणार नाही. ते म्हणाले, "पोरी, ते राहू दे. आधी गाडी चालती तरी हाय का?"

नाही चालत. आपली अँबेसेडर सव्वा वर्ष विटांवर उभी आहे. आबा रोज सकाळी तिला फडकं मारतात, आरशात टोपी नीट करतात आणि दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायला जातात. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून झाल्यावर घेतलेली ही पहिली स्वतःची गाडी. तिला कुठल्याही मिस्त्रीचा हात लागू देत नाहीत. "ज्यानं बांधला त्यानंच सोडावा," एवढंच म्हणतात.

तू गिअरबॉक्स बांधून दिलास, आणि चार महिन्यांत सेकंड गिअर पडेना. आबा गुरुबसप्पाकाकांच्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर चार माणसांत म्हणाले, "याचा हातच कच्चा हाय." तू म्हणालास, "तुमालाच गाडी चालवता येत न्हाई." मग तू नांदेडला सरदारजींचं गॅरेज धरलंस. दोघांपैकी खरं कोण, ते मी बी.ए. झाले तरी मला सांगता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की तू उदगीरला दहा दिवस कामाला गेला होतास तेव्हा गाडीचं तेलपाणी मी बघत होते, आणि तेव्हा ती फुलासारखी चालत होती.

म्हणून मी ठरवलंय की गिअरबॉक्स उघडायचा. खरं काय ते आत असणार. मी आबांना विचारलं, "मी उघडू का?" ते हसले. म्हणाले, "कॉलेजात हेच शिकिवलं का?" गाडीच्या विषयावर ते सव्वा वर्षात पहिल्यांदा हसले, म्हणून मी ती परवानगी समजले.

कसा उघडायचा ते लिहून कळव. माझ्याशी तुझं भांडण नाही, हे मी गृहीत धरलंय.

तुझी बहीण,
पंचशीला


लातूर,
२९ सप्टेंबर १९८२

दादा, जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये अकरा ओळी. "बेल हाउसिंगचे, म्हणजे बॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाचे, वरचे दोन बोल्ट शेवटी सोड. बॉक्स लोंबकळू देऊ नको, क्लच प्लेट वाकते. प्रत्येक नट काढला त्या क्रमानं कापडावर मांड." इतकं मायेचं पत्र मला आजवर कुणी लिहिलेलं नाही. खरंच सांगते.

गुरुबसप्पाकाकांकडे गेले होते. स्पेअर पार्टच्या दुकानामागं त्यांचा खड्डा आहे ना, ज्यात उतरून गाडीखाली काम करता येतं, तो मागितला. काकांनी चष्मा कपाळावर नेला.

"कोण उतरनार खड्ड्यात?"

"मी."

"साडी नेसून?"

"सलवार घालून. दादाचा जुना शर्ट आहे वरून."

"अय्यो! ग्यानोबाला म्हाईत हाय?"

"आबांनी गाडी ढकलायला दोन माणसं बघितलीत."

काकांनी पान एका गालात सारलं. मग म्हणाले, "तुझ्या भावाची पाना-पेटी अजून हितंच हाय. कुनाला दिली न्हाई मी. त्यो रागाच्या भरात पेटी सोडून गेला, पन पेटी इमानदार, ती हितंच बसून राहिली." दादा, तुझी पेटी घरी आणली नाही, तिथंच ठेवली. तिच्या कुलपाला तू लावलेलं ग्रीस अजून ओलं आहे.

गाडी रविवारी ढकलत नेली. आबा आत बसून स्टेअरिंग धरत होते, आणि त्यांनी बघितलेली दोन माणसं म्हणजे मी आणि माय, मागून ढकलत. रस्त्यानं लोक विचारत होते, "काय ग्यानोबा, निघाली का सवारी?" आबा काच खाली करून सगळ्यांना "हाव, हाव" म्हणत होते, मंत्र्यासारखे. सव्वा वर्षानंतर स्टेअरिंग हातात आलं होतं, बाकी काही त्यांच्या लक्षात येत नसावं.

नट मांडायची तुझी रीत मी थोडी सुधारली आहे. मायच्या जुन्या लुगड्यावर चौकोन आखले आणि प्रत्येक नटाला ऑफिसातल्यासारखा आवक क्रमांक दिला. आवक १ पासून पुढं. कुठून काढला, किती वाजता, शेरा. शेरा म्हणजे गंजलेला, बरा, हट्टी.

आवक १९ फार हट्टी आहे. त्याला काय करू?

पंचशीला


लातूर,
१७ ऑक्टोबर १९८२

दादा, जयभीम.

डिझेल लावून रात्रभर भिजवल्यावर आवक १९ निघाला. तू म्हणालास तसंच झालं.

आज बॉक्स उतरवला. काकांनी साखळी लावली, आबांनी वरून धरला, मी खालून बोल्ट सोडले. मध्येच आबा ओरडले, "लोंबकळू देऊ नको! प्लेट वाकंल!" मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाले, "बारा वेळा वाचून दाखिवलंस की कार्ड." मी दोनदाच वाचून दाखवलं होतं. बाकीच्या दहा वेळा त्यांनी शेजारच्या शाळेतल्या पोरांकडून वाचून घेतलं असणार. कार्ड त्यांच्या खिशात असतं, हे मी तुला सांगितलं असं लिहू नकोस.

खड्ड्याभोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. एक जण म्हणाला, "बी.ए. होऊन नोकरी न्हाई मिळाली वाटतं." काका म्हणाले, "नोकरी मिळाली, म्हनूनच रविवारी करून राहिली." मी खालून काही बोलले नाही. माझ्या तोंडात आवक ३१ आणि ३२ होते.

मग झाकण काढलं.

दातांना काही झालेलं नाही. एकही तुटलेला नाही. तुझं काम आतून पाहिलं तेव्हा मला वाटलं एखादी वही उघडली, कुठं खाडाखोड नाही. आबा वाकून बघत होते.

फक्त एक आहे. सेकंड गिअरची ती पितळी रिंग, जी बोटानं सहज फिरायला हवी असं तू लिहिलंस, ती फिरत नाही. सगळ्यावर तांबूस, चिकट असा एक थर आहे. नखानं खरवडला तर पापुद्रा निघतो. कसला आहे कळत नाही. माय भाकरी घेऊन आली होती, तिनं बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "तेलाच्या बरणीच्या तोंडावर अस्साच धरतो." मी म्हटलं, माय, तुला गाडीतलं काय कळतं.

घासून साफ करीन. ती मोठी गोष्ट नाही. तू विचार करू नकोस.

पाण्याचे हाल आहेत. हात आधी डिझेलनं, मग राखेनं, मग एका तांब्यात तिघांनी धुतले.

पंचशीला


लातूर,
२४ ऑक्टोबर १९८२

दादा, जयभीम.

उलट टपाली उत्तर पाठवलंस, आणि पहिल्यांदाच वर "पंचे" लिहिलंस. बरं वाटलं.

थर कसला, वास कसला, असं तू विचारलंस. डिझेलमध्ये धुतल्यावर सगळ्याला डिझेलचाच वास येतो. आधी कसा होता ते मी नीट हुंगलं नाही. रंग तांबूस, हे मागे लिहिलंच आहे.

ऑफिसात फार गडबड आहे. मुरुडकडच्या एका गावचा टँकर दुसऱ्याच गावाला गेला आणि त्या गावानं तो परत सोडलाच नाही. सिद्धलिंगअप्पा म्हणाले, टँकरला दोरी बांधायची पद्धत सुरू करावी लागेल. सारखं लिहून माझ्या बोटाला घट्टा पडलाय.

रिंग आता फिरते. बाकी पुढच्या पत्रात.

पंचशीला


लातूर,
३ नोव्हेंबर १९८२

दादा,

तुझं पत्र काल आलं. मी ते तीनदा वाचलं, मायला अर्धंच वाचून दाखवलं, आबांना दाखवलं नाही.

तू लिहिलंस की तो थर म्हणजे तू झाकणाखालच्या गॅस्केटला लावलेलं शेलॅक, ती चिकट लाख, असणार, जास्त झालं असेल, उष्णतेनं विरघळून आत गेलं असेल. आबांचं बरोबर होतं, तुझा हात कच्चाच होता, असंही तू लिहिलंस. म्हणून सरदारजींना सांगून तू गिअरचं काम सोडतोस आणि पुढच्या महिन्यापासून त्यांच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून जातोस.

जाऊ नकोस. तो थर शेलॅकचा नाही.

तो करडईच्या तेलाचा आहे. आणि ते मी ओतलं आहे.

आता सगळं लिहिते. तू उदगीरला होतास. जाताना म्हणालास, "बॉक्स नवीन बांधलाय, थोडं तेल गळेल, काडी बुडवून बघत जा, कोरडा पडू देऊ नको." चौथ्या दिवशी काडी बुडवली तर तेल निम्म्यावर. तू ठेवलेला डबा मांजरानं कलंडवून ठेवला होता. आबांना दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड घेऊन अहमदपूरला जायचं होतं. मी चालकाच्या पायाखालचं रबर उचललं, बूच काढलं, आणि मायच्या बरणीतलं घाण्यावरून आणलेलं ताजं तेल नरसाळ्यानं आत ओतलं. लिटरभर तरी असेल.

दादा, मला ते इतकं स्वच्छ, सोनेरी वाटलं! तुझं तेल काळं, उग्र वासाचं. मला वाटलं, जे आपण रोज पोटात घालतो ते लोखंडाला काय बाधणार? उलट त्याला चांगलंच मानवेल. गाडीनं दुसऱ्या दिवशी अहमदपूर केलं, आबा म्हणाले गिअर लोण्यासारखा पडतो, आणि मला वाटलं मी फार हुशार आहे. सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही.

परवा गुरुबसप्पाकाकांना मी आडून विचारलं की गोडं तेल खूप तापलं तर त्याचं काय होतं. ते म्हणाले, "शेंगदान्याचं जळतं. करडईचं तापवून तापवून रोगन करत होते पूर्वी, लाकडाला लावायला. वाळला की निघत न्हाई." आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मी दुकानातून पळाले.

अजून एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. तुमच्या भांडणाच्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. आबा म्हणाले, "हात कच्चा." त्या क्षणी मला ती बरणी आठवली होती. एक क्षणच. मी स्वतःला सांगितलं, छे, तेलानं काय होतंय. तू पेटी टाकून निघालास तेव्हा मी हाक मारू शकत होते. पहिल्या पत्रात मी मोठ्या तोंडानं लिहिलं की खरं काय ते आत असणार. आत होतंच. मी ते उघडलं, माय बरणी म्हणाली तेव्हाच मनात ओळखलं, आणि सतरा दिवस तुझ्यापासून लपवलं.

तुझा हात कच्चा नव्हता. आबांनाही गाडी चालवता येते. ज्या तिसऱ्या माणसामुळे हे झालं तो नेमका घरातला एकुलता एक ग्रॅज्युएट निघाला.

रविवारी मी हे आबांना सांगणार आहे. घरात नाही. जिथं ते तुला बोलले तिथंच, त्याच चार माणसांत.

ट्रकवर जाऊ नकोस.

पंचशीला


लातूर,
१० नोव्हेंबर १९८२

दादा, जयभीम.

सांगितलं.

दुकानासमोर आबा होते, काका होते, त्या दिवशीचे दोघं होते. चौथा माणूस मुरुडला गेला होता, त्याच्यासाठी मी थांबले नाही. पायरीवर उभी राहिले आणि ऑफिसात निवेदन वाचतात तसं सगळं एका दमात सांगून टाकलं.

मग आबांनी विचारलं, "किती वतलंस?"

"लिटरभर."

"घान्यावरलं?"

"हाव."

"निव्वळ?"

"निव्वळ, आबा."

गुरुबसप्पाकाकांच्या तोंडातलं पान उडालं. हसता हसता त्यांना खुर्ची धरावी लागली. "यव्वा, भजी तळायची व्हती तर कढईत तळायची! गिअरबॉक्समध्ये कामून?" बाकीचे दोघंही हसायला लागले. आता लातुरात माझं नाव भजी पडलंय. काल ऑफिसात सिद्धलिंगअप्पांनीही विचारलं, "आज काय तळलं?"

आबा हसले नाहीत. उठून घरी गेले. मी मागोमाग. माय दारातच होती, तिला सगळं कळलं होतं, आणि ती वेगळ्याच कारणानं संतापली होती. "म्हंजे त्या म्हैन्यात तेल तू सपिवलंस! आन म्या शेजारच्या रत्नम्मावर संशय घेतला! दीड वरीस तिच्या घरी हळदी-कुकवाला का संक्रांतीला गेले न्हाई म्या!" माय तशीच उठून रत्नम्माकाकूंकडे गेली. तास झाला तरी परत येईना. बघायला गेले तर दोघी मिळून कुरडया तळत होत्या. कशात तळत होत्या ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझा डबा आला. नांदेड-लातूर गाडीच्या कंडक्टरनं स्टँडवर उतरवला. सोबत तू कापलेली गॅस्केटं, आणि डब्यावर चुन्यानं मोठ्या अक्षरात लिहिलेलं: "हे गिअर ऑइल. खायचं नाही. आणि खायचं ते यात ओतायचं नाही."

मी मोठ्यानं वाचलं. आबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग ते भिंतीकडे तोंड करून इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, "त्यो ट्रकवर गेला का?" मी म्हटलं, डबा आला म्हणजे नसेल गेला. ते म्हणाले, "इचार नीट पत्रात."

विचारते आहे. गेलास का?

बॉक्स रविवारी चढवायचा आहे. सगळं धुऊन लख्ख आहे.

पंचशीला


लातूर,
२१ नोव्हेंबर १९८२

दादा, जयभीम.

पास!

क्रमानं सांगते. बॉक्स चढवला. सत्तेचाळीस आवक, सत्तेचाळीस जावक, एकही उरला नाही. काका नाराज झाले. म्हणाले, "मिस्त्रीनं उघडल्यावर दोन तरी नट उरतातच. तुझं हे काम मला खरं वाटत न्हाई."

काल सकाळी चाचणी. मी कागदाला हात लावणार नव्हते, पण चौथा माणूस कमी पडला म्हणून सिद्धलिंगअप्पांनी मला मागच्या सीटवर घातलं. पुढं आबांच्या शेजारी ते स्वतः, मागं दोन शिपाई, मी आणि टँकरच्या नोंदवह्या. आबांनी धुतलेली पांढरी पँट घातली होती. निघताना स्टेअरिंगखालचा गिअरचा दांडा त्यांनी तीनदा फडक्यानं पुसला.

उदगीरपर्यंत रस्ता सपाट, त्यामुळे टॉप गिअरमध्ये मजेत गेलो. देवणीच्या अलीकडे चढ लागतो. चढाच्या मध्यावर जनावरांच्या छावणीकडे निघालेले बैल. देवणीचे ते काळे-पांढरे, वळूसारखे. त्यांतला एक रस्त्यावर आडवा उभा राहिला आणि आमच्याकडे बघत बसला. आबांनी ब्रेक मारला. हॉर्न दिला. बैलानं मान फिरवली, पाय हलवला नाही.

सिद्धलिंगअप्पा म्हणाले, "आता कळंल तुझ्या गाडीचं."

बैल गेला. भरलेली गाडी, चढ, थांबलेल्या जागेवरून निघायचं. आबांनी फर्स्ट टाकला, गाडी उचलली. मी मागं डोळे मिटून घेतले. मग क्लच दाबल्याचा आवाज आला, आणि मग काहीच आवाज आला नाही, दादा. कचकच नाही, घरघर नाही. सेकंड पडला. गाडीनं चढ चढायला सुरुवात केली तेव्हाच मला कळलं की पडला.

आबांनी दांड्यावरचा हात काढून आपल्या गुडघ्यावर ठेवला.

सिद्धलिंगअप्पांनी विचारलं, "मिस्त्री कोन हो, ग्यानोबा? आमच्या जीपचा बी बॉक्स वरडतो."

मी तोंड उघडणार होते. आबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "नांदेडचा हाय. लई नामी मानूस. लातुरात कुटं त्यासारखा हात?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "माझा थोरला हाय त्यो."

संध्याकाळी दुकानासमोर त्यांनी हे सगळं पुन्हा सांगितलं, बैलासकट. चौथा माणूस या वेळी हजर होता.

तुझं कार्ड आलं. ट्रकवर गेला नाहीस, फार बरं केलंस. पण खालची ओळ मी आबांना वाचून दाखवली आणि मग पस्तावले: "आबांनी बोलावलं तर येईन." आबा म्हणाले, "घर त्याचंच हाय, बोलवायचं कशाला? यावं की त्यानं." आता तू बोलावण्याची वाट बघणार आणि ते येण्याची. मी तुम्हा दोघांना ओळखते. असे दहा वर्षं बसाल.

काहीतरी करते.

पंचशीला


लातूर,
२७ नोव्हेंबर १९८२

दादा, जयभीम.

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. ज्यांनी ते तुझ्या हातात दिलं ते आत्ता तुझ्यासमोर उभे असतील. त्यांना सहीपुरतंच येतं, म्हणून मी हवं ते लिहू शकते. तू फक्त वाचताना चेहऱ्यावर काही दाखवू नकोस.

मला काही करावं लागलं नाही. परवा आबा जेवता जेवता म्हणाले, "सेकंड गिअर जरा अडकून राहिला." मी घाबरले. ताट सोडून उठले, गाडी काढायला लावली, बार्शी रोडला चार वेळा सेकंड टाकून बघितला. उत्तम. मी तसं सांगितलं. आबा चिडले. "तुला काय कळतं? बी.ए. हायस, मिस्त्री न्हाईस. ज्यानं बांधला त्यालाच दाखवाया पायजे."

"म्हणजे नांदेडला?"

"मग काय, गाडी काय नांदेडला जात न्हाई? सोमवारपासून सरकारी कामावर हाय ती, रस्त्यात बंद पडली तर कुनाची जिम्मेदारी?"

मायनं धपाट्यांचं पीठ मळायला घेतलं. आज रविवारच्या तयारीत घरात जी पुरचुंडी बांधली गेली आहे तेवढी गिअर दाखवायला जाताना कुणी नेत नाही. धपाटे आहेत, शेंगदाण्याची चटणी आहे, रत्नम्माकाकूंच्या कुरडया आहेत, आणि तुझी पाना-पेटी आहे. ती आबांनी स्वतः काकांकडून आणली आणि पुढच्या सीटवर ठेवली. मायला मागं बसायला सांगितलंय.

मला येता येत नाही. टंचाई शाखेला या वेळी रविवार नाही, तीन गावांचे टँकर माझ्या टेबलावर थांबलेत. याची मला जन्मभर हळहळ वाटेल.

तर आता नीट ऐक. आबा तुला "कसा हायस" असं विचारणार नाहीत. उतरल्या उतरल्या म्हणतील, "गिअर बघ जरा." गिअरमध्ये काहीही बिघाड नाही. तू तसं म्हणू नकोस. सरदारजींसमोर तर अजिबात म्हणू नकोस. जे सांगतील त्याला मान हलव, पाना घे आणि गाडीखाली जा.

आणि लवकर वर येऊ नकोस. आबांना समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून असलं काही बोलता येत नाही, ते तुलाही येत नाही. पण गाडीखालच्या मिस्त्रीशी ते बावीस वर्षं चाकाजवळ उकिडवे बसून बोलत आले आहेत. ते तसेच बसतील. आधी गाडीचं बोलतील, मग बैलाचं, मग मध्येच थांबतील. ते थांबले की तू हलू नकोस. एखादा नट घट्टच आहे तो उगाच घट्ट करत राहा, आणि त्यांना बोलू दे.

पंचशीला